विनाकारण : शनिवार पेठेतल्या फिरण्याच्या नोंदी

९ जून

प्रकल्पाचं नाव 'विनाकारण' ठेवलं आहे. काम एवढंच: घरातून निघायचं, कुठेही पोचायचं नाही, आणि परत आल्यावर इथे लिहायचं.

लग्न होऊन या पेठेत आले तेव्हापासून मी चालतेच आहे, पण पिशवी घेऊन. भाजीला मंडईत, भुसार मालाला रविवारात, मुलाच्या वह्या-पुस्तकांना अप्पा बळवंत चौकात, बँकेत, शाळेच्या सभेला. आता किराणा, भाजी, औषधं, सगळं फोनवर सांगितलं की दारात येतं. एप्रिलमध्ये नव्या चपला घ्यायच्या म्हणून जुन्या काढल्या, तर त्या झिजलेल्याच नव्हत्या. काम गेलं आणि कामाबरोबर बाहेर पडणंही गेलं. मी घरून दुकानांचे हिशेब लिहिते. दिवसभर आकडे, संध्याकाळी पुन्हा पडदा. शनिवारवाडा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याची मागची भिंत शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही.

नियम असे ठरवले. पिशवी न्यायची नाही. फोन घरी राहील, म्हणजे पावलं मोजणंही नाही. पैसे चहापुरतेच. जाताना आणि येताना एकच रस्ता नको. आणि येता येता कोथिंबीर घेऊन यायची, हे तर अजिबात नाही.

१० जून

पाय ऐकत नाहीत. घरातून निघाले ती सरळ लक्ष्मी रस्त्याच्या दिशेला, मग तिथून मंडईकडे. इतक्या वर्षांची सवय आहे. चौक आला की वळायचं कुठे हे विचारावंच लागत नाही. शेवटी एका चौकात थांबले आणि जिकडे एरवी वळत नाही तिकडे मुद्दाम वळले. हात रिकामे होते, त्यांचं काय करायचं कळेना. पदर धरला, सोडला, मागे बांधले.

खालच्या मजल्यावरच्या काकू दारात भेटल्या. "कुठे निघालात?" मी गप्प. त्याच म्हणाल्या, "औषधं आणायला का?" उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं.

१३ जून

काकूंनी विचारल्यापासून हा प्रश्न डोक्यात आहे. पेठेत "कुठे निघालात?" हा चौकशीचा प्रश्न नाही, तो नमस्कारच आहे, हे मला माहीत आहे. पण पुरुषाला तोच प्रश्न विचारला तर "जरा पाय मोकळे करून येतो" हे उत्तर चालतं. बाईला चालत नाही. पारावर, कट्ट्यावर, अमृततुल्यच्या बाकावर पुरुष नुसते बसलेले असतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. चाळिशी ओलांडलेली बाई नुसती उभी राहिली की दोन माणसं विचारतात, "पत्ता शोधताय का?"

हे मनात घेऊन आज बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर आले. समोर भिडेवाड्याची जागा. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवली. सावित्रीबाई शाळेत शिकवायला जायच्या तेव्हा लोक शेण-चिखल फेकायचे, म्हणून त्या बरोबर एक जास्तीचं लुगडं ठेवायच्या, हे आपण सगळे शाळेत वाचतो. वाचताना शाळा डोळ्यांपुढे येते. आज मात्र मला ते चालणं डोळ्यांपुढे आलं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर माणसं, आणि रोज त्यांच्यासमोरून एकटीनं जायचं. त्यांना तर कारण होतं, आणि केवढं मोठं होतं. त्यांनी मोकळ्या केलेल्या रस्त्यावर मला कारण लागू नये, असं आज फार मनापासून वाटलं.

परतताना पुन्हा काकू. "कुठे गेला होतात?" "कुठे नाही. अशीच." त्या हसल्या आणि आत गेल्या. इतकंच झालं. उत्तर चाललं.

१५ जून

फिरले. लिहिण्यासारखं काही नाही. बरं वाटलं.

१८ जून

आज खूप लिहायचं आहे.

शनिपारापाशी होते तेव्हा पाऊस सुरू झाला. मृगाचा पहिला मोठा. छत्री नव्हती. बाजीराव रस्त्यानं धावत येऊन विश्रामबागवाड्याच्या आडोशाला उभी राहिले. दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला वाडा. पुढच्या लाकडी खांबांवर सुरूच्या झाडाचा घाट आहे. तो मी आज पहिल्यांदा नीट पाहिला; खांब बुंध्याशी कसा फुगतो आणि वर जाताना कसा निमुळता होतो, ते. एरवी या फुटपाथवरून मी तुळशीबागेतल्या गर्दीत शिरायच्या घाईत असते.

पाऊस ओसरला. रस्त्याच्या कडेनं पाणी वाहत होतं. कुठे जायचं हे ठरवायचं नव्हतंच, म्हणून ठरवलं की पाणी नेईल तिकडे जायचं. पाणी उत्तरेकडे निघालं. लक्ष्मी रस्ता ओलांडला. तिथे ते थोडा वेळ पसरलं, मग पुन्हा एका बाजूला जमलं आणि अप्पा बळवंत चौकाकडे उतरू लागलं. पुस्तकांच्या दुकानांतली मुलं पायरीवर फळ्या टाकत होती. एकानं मला "ताई, या बाजूनं या" म्हणून हात दिला. चौकातून पाणी शनिवारवाड्याच्या दिशेला. मी त्याच्या मागे. शेवटी नदीच्या बाजूला, अमृतेश्वराच्या अंगाला येऊन थांबले. पाण्याला पुढे वाट होती, मला नव्हती.

या रस्त्यावरून हजारदा गेले असेन. तो सरळ आणि सपाट आहे असंच समजत होते. तो सपाट नाही. शनिपारापासून नदीपर्यंत सगळा उतार आहे, आणि उतार एकसारखाही नाही. काही गल्ल्यांतून पाणी बाजीराव रस्त्यात येतं, काहींतून दूर जातं. रिक्षात बसून हे कळत नाही. पिशवी घेऊन चालतानाही कळत नाही, कारण तेव्हा डोळे पायांखाली नसतात, यादीवर असतात.

घरी येऊन नकाशे आणि पुस्तकं काढली. जुनं पुणं, म्हणजे कसबा, दोन ओढ्यांच्या मधे वसलेलं होतं. पूर्वेला नागझरी. पश्चिमेला आंबिल ओढा, तो कात्रजच्या डोंगरातून यायचा आणि आजच्या शनिवारवाड्याच्या आसपास मुठेला मिळायचा. नानासाहेब पेशव्यांनी तो पर्वतीजवळ अडवून पश्चिमेला वळवला. अडवलेल्या पाण्याचं पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं, तळ्यातल्या बेटावर गणपती बसला. पुढे तळं बुजलं आणि तिथे सारसबाग आली. जुनी माणसं त्या गणपतीला अजून तळ्यातला गणपतीच म्हणतात. ओढा हटल्यावर त्याच्या जुन्या वाटेच्या आजूबाजूला सदाशिव आणि नारायण पेठा वाढायला जागा झाली.

ओढ्याचं जुनं पात्र नेमकं आज मी चालले त्याच रेषेत होतं असा माझा दावा नाही. पण उतार त्याच बाजूचा आहे, आणि नदीही तीच. वळवलेला आंबिल ओढा आजही वाहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्यानंच अरण्येश्वर, सहकारनगर भागात घरं बुडवली आणि माणसं नेली. तेव्हा मी ती बातमी "दक्षिण पुण्यात काहीतरी झालं" अशी वाचली होती. आज ती माझ्या रस्त्याची बातमी वाटते.

साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आल्याचा चहा करून दिला आणि विचारलं, "एवढ्या पावसात गेलीस तरी कशाला?" सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाण्याच्या मागे? बरं केलंस." मग कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत.

२४ जून

नियमात एक बदल.

परवाच्या नोंदीनंतर रोज निघण्याआधी पुस्तकं चाळायची इच्छा होऊ लागली. आज अमुक देऊळ, उद्या तमुक हौद. हे पुन्हा यादीचंच काम झालं, फक्त भाजीच्या जागी इतिहास. म्हणून ठरवलं: माहिती आल्यावर शोधायची, जाण्याआधी नाही. आधी पाहिलेलं, मग वाचलेलं.

असं केल्यानं काय होतं ते आजच दिसलं. फिरताना नुसत्या पाट्या वाचत होते. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, विश्रामबाग, पुढे हिराबाग. झाड कुठेच दिसत नाही. दिसतात ती दुकानं, शाळा आणि दुचाक्या. एवढ्या बागा होत्या तर त्यांना पाणी कुठून येत होतं? हा प्रश्न चालताना पडला. आधी वाचून निघाले असते तर उत्तर माहीत असतं आणि प्रश्न पडलाच नसता.

उत्तर घरी सापडलं. १७५० च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथून शहरापर्यंत दगड-चुन्याचा नळ आणला. नळ म्हणायचं, पण आत माणूस चालू शकेल एवढा तो भुयारासारखा प्रशस्त आहे. पाणी नुसत्या उतारानं यायचं, मधे ठिकठिकाणी हवा खेळायला उच्छ्वास ठेवलेले, आणि पेठांत हौद. काळा हौद, बदामी हौद ही नावं मी रिक्षावाल्याला सांगण्यापुरती वापरत आले. त्या प्रत्येक नावाखाली एकेकाळी पाण्याला रांग लागायची. त्या रांगेत सगळ्यांना जागा नव्हती, हेही इथेच लिहायला हवं. जोतिरावांनी १८६८ मध्ये गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच शहरात.

१ जुलै

आज बोळांचा दिवस.

चौकात आल्यावर कुठे वळायचं यासाठी आता एक पद्धत सापडली आहे. सगळ्यात अरुंद वाट घ्यायची. स्कूटर जाणार नाही अशी असेल तर आणखी चांगलं. अशा वाटांनी मला नारायण पेठेतल्या, सदाशिव पेठेतल्या ज्या जागी आणलं, त्या जागा मी माहेरच्या पाहुण्यांना कधी दाखवल्या नाहीत, कारण मलाच माहीत नव्हत्या.

बोळात शिरलं की आधी आवाज बदलतो. मागे रस्त्यावर हॉर्न चाललेले असतात, दहा पावलांत कुकरची शिट्टी आणि रेडिओ ऐकू येतो. मग वास. ओल्या विटांचा, फोडणीचा, कुठे कापूर, कुठे मांजरीचा. एका बाजूला नव्या इमारतीची सिमेंटची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला जुन्या वाड्याची: खाली घडीव दगड, वर वीट, आणि विटेच्या फटीतून आलेला उंबर. त्या उंबराची मुळं भिंतीवर पसरलेली होती, आणि मालकानं त्यांच्यामधून पन्हळ काढली होती, मुळांना धक्का न लावता. कुणी केलं असेल ते माहीत नाही, पण त्या माणसाला भेटावंसं वाटलं.

काही बोळ वाड्यांच्या पोटातून जातात. दिंडी दरवाजातून आत जायचं, चौक, चौकात आड, तुळशीवृंदावन, पलीकडे दुसरं दार आणि ते दुसऱ्याच गल्लीत उघडतं. हे खासगी आहे की सार्वजनिक, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पूर्वी सगळे जायचे. मी एका अशा चौकात थबकले तर ओसरीवर गहू निवडत बसलेल्या आजी म्हणाल्या, "जा की, पलीकडे रस्ताच आहे." आणि मी गेले.

वाडे पाडून इमारती होतात तेव्हा हे चौक जातात, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्यांच्याबरोबर वाटाही जातात, त्याबद्दल मी फारसं वाचलेलं नाही. नव्या इमारतीला फाटक, पहारेकरी, पार्किंग. पलीकडची गल्ली जिथल्या तिथे असते, पण आता तिथे जायला वळसा. अंतर वाढतं, आणि मग आपण म्हणतो, रिक्षा करू या.

४ जुलै

ओंकारेश्वर. घाटावरच्या भिंतीवर बसले, खडकवासल्याचं पाणी सोडलं आहे. माणसं ते बघायला येतात, कुणाला काहीही काम नसतं. नदीला पाणी आलं की अख्खं शहर विनाकारण बाहेर पडतं आणि कुणी कुणाला "कुठे निघालात?" म्हणून विचारत नाही. हे देऊळ १७३८ चं, चिमाजी अप्पांची समाधी याच आवारात. आज मात्र तिकडे पाठ करून पाण्याकडे बघत बसले.

१२ जुलै

पानशेतचा दिवस. आई दरवर्षी या तारखेला घरातलं पिण्याचं पाणी सकाळीच भरून ठेवतात. कधी कारण विचारलं नव्हतं. आज त्या आपण होऊन बोलल्या. त्या दिवशी मी पाण्याच्या मागे गेले म्हणून बोलल्या असाव्यात.

१९६१ मध्ये त्या शाळकरी मुलगी होत्या आणि नारायण पेठेत राहायच्या. सकाळी गल्लीत ओरडा झाला, "धरण फुटलं." पानशेतचं मातीचं धरण, अजून पुरतं बांधून व्हायचं होतं; ते फुटलं आणि त्या पाण्यानं पुढे खडकवासल्याचं धरणही गेलं. माणसं पर्वतीकडे पळत सुटली. आईंच्या वडलांनी चार मुलं, एक पेटी आणि देवातला बाळकृष्ण घेतला. "रस्त्यानं गेलो असतो तर चेंगरलो असतो," आई म्हणाल्या. "आम्ही वाड्यांतनं गेलो." आणि त्यांनी वाट सांगितली. अमक्यांच्या दिंडीतून आत. आडाला वळसा. मागच्या दारानं बोळात. बोळ संपतो तिथे पत्रावळी लावणाऱ्या बाईंचं घर, त्यांच्या परसातून पलीकडे. मग एक देऊळ, देवळाच्या मागून पुन्हा एक वाडा. पासष्टाच्या आसपास वर्षं झाली, पण एकही वळण चुकलं नाही की त्या थांबल्या नाहीत. डोळे मिटून, हात हवेत फिरवत, डावीकडे, उजवीकडे. मी पेन घेऊन कागदावर काढत गेले.

पाणी ओसरल्यावर घरात चिखल होता, कुजलेल्या धान्याचा वास महिनाभर गेला नाही, आणि पिण्याच्या पाण्यासाठी दाही दिशा. म्हणून ते पाणी भरून ठेवणं.

१९ जुलै

आईंचा कागद घेऊन गेले. ही विनाकारण फेरी नाही हे मला मान्य आहे. हातात कागद होता आणि शेवट ठरलेला होता. तरी नोंद इथेच करते.

पहिली दिंडी आहे. दरवाजा नवा, पण चौकट तीच, वरच्या लाकडावर गणेशपट्टी. आड आहे, वर जाळी टाकलेली. मागचं दार आहे, बंद. तिथल्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी किल्ली आणली. कुलूप गंजलेलं, मग त्यांच्या मुलानं तेल घालून उघडलं आणि म्हणाला, "काकू, हे दार उघडतं हे मलाच माहीत नव्हतं."

बोळ अर्ध्यावर संपतो. पुढे सात मजली इमारत. पत्रावळीवाल्या बाईंचं परस आता तिचं पार्किंग. तिथून वळसा घालून मोठ्या रस्त्यावर आले, देऊळ सापडलं, देवळामागचा वाडा सापडला नाही. त्या जागी काय आहे हेही नीट सांगता येणार नाही, कारण गल्लीच रुंद झाली आहे.

एका जुन्या घराच्या दगडी जोत्यापासून बरंच वर, माझ्या डोक्याच्याही वर, भिंतीत एक आडवी रेघ खोदलेली आहे. शेजारी '१२-७-६१'. घरमालकांनीच खोदून घेतली असावी. मी हात वर करून पाहिलं, पोचला नाही. शाळकरी मुलीच्या उंचीचा विचार केला आणि तिथून लवकर निघाले.

घरी येऊन आईंना सांगितलं, कुठपर्यंत वाट आहे आणि कुठे नाही. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आडाला पाणी आहे?" आहे, म्हटलं.

२६ जुलै

आवाजाच्या मागे. कसब्यात शिरले, कसबा गणपतीला बाहेरूनच नमस्कार केला आणि कान देऊन उभी राहिले. ठोक्यांचा आवाज येत होता, त्या दिशेनं. वाटेत शिंपी आळी, व्यवहार आळी, मग तांबट आळी.

हे कारागीर पेशवाईपासून इथे आहेत. पूर्वी बंब, घंगाळी, हंडे, कळशा. आता त्याबरोबर हॉटेलांसाठी दिवे आणि ताटं. पत्रा ठोकून आकाराला आला की शेवटी मठारतात: हातोडीचे बारीक ठोके एकाशेजारी एक, रांगेनं, सगळ्या अंगावर. दिसायला ती नक्षी, पण त्यानं तांबं घट्ट होतं, भांडं टिकतं. बाहेर उभी राहून बघत होते. काम करणाऱ्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "काय हवंय?" "काही नाही, बघतेय." "बघा." त्यांचा एक ठोकाही चुकला नाही. माझ्या घरच्या पाण्याच्या तांब्यावर हेच ठसे आहेत आणि गेली कितीतरी वर्षं मी त्यांच्यावरून चिंच फिरवते आहे.

आळीत एकापेक्षा जास्त ठिकाणी काम चाललं की ठोके एकमेकांत मिसळतात. दोन घरं पुढे गेलं की दुसरा आवाज वर येतो, पहिला मागे पडतो. मी ती गल्ली इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालत राहिले, निव्वळ ते ऐकण्यासाठी. असं कधी केलं नव्हतं. एकाच गल्लीत फेऱ्या मारणारी बाई, आणि मला कुणाची भीड वाटली नाही.

५ ऑगस्ट

आमचीच गल्ली पहाटे पाचला. दुधाच्या गाड्या, पेपर घड्या घालणारी मुलं, आणि शनिवारवाड्यावर अजून दिवे. तीच गल्ली दुपारी तीनला, जेव्हा पेठ झोपते आणि शटरं अर्धी खाली येतात. रात्री दहाला तिसरीच. फिरण्यासाठी दूर जावं लागत नाही, वेळ बदलली तरी पुरतं. ही युक्ती गुडघे दुखणाऱ्यांना सांगण्यासारखी आहे.

१४ ऑगस्ट

वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मीही येऊ का? तुम्ही रोज जाता, पण कुठे जाता तेच कळत नाही." घेऊन गेले.

दोघींनी फिरणं वेगळं. पहिली अर्धी वाट आम्ही मुलांच्या परीक्षा आणि इमारतीच्या गळतीबद्दल बोललो, आणि मला काहीच दिसलं नाही. थोडा राग आला. मग त्या एकदम थांबल्या आणि वर बोट दाखवलं. एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर लाकडी सज्जा, त्याच्या तुळईला कोरलेला पोपट, चोच तुटलेली. मी त्या गल्लीतून चिक्कार वेळा गेले आहे. मी खाली बघत चालते, पाणी आणि पायऱ्या बघत. त्या वर बघत चालतात. त्यांचे वडील सुतार होते, हे मला इतकी वर्षं शेजारी राहून आज कळलं. कडीपाट म्हणजे काय, तुळईवर फळ्या कशा बसतात, सागाचा रंग काळाभोर होतो पण तो आतून कसा टिकतो, ते त्या सांगत होत्या आणि मी माना वर करकरून बघत होते.

चहा घेतला, अमृततुल्यमध्ये, बाहेरच्या बाकावर बसून. दोघी बसल्यावर कुणी पत्ता विचारला नाही.

२१ ऑगस्ट

मांडव उभे राहिले आहेत. गल्लीगल्लीत बांबू आणि वासे, ताडपत्र्या, रस्त्यातून जायला एका माणसापुरती वाट. वाहनांना सगळे रस्ते वळवलेले, त्यामुळे मधली पेठ चालणाऱ्यांच्या ताब्यात आली आहे. या दिवसांत मी दरवर्षी वैतागते. यंदा वहिनींनी आणि मी ठरवून सगळ्यात आडवाटेनं जायचं केलं आणि मांडवांच्या मागून मागून गेलो. मागून मांडव अजून मांडव झालेले नसतात. दोऱ्या, फळ्या, रंगाचे डबे, आणि पोरं सूत गुंडाळत बसलेली.

एका मांडवाच्या मागे बाजीराव रस्त्याचा विषय निघाला. मी वहिनींना आंबिल ओढ्याचं सांगत होते. तिथे खुर्ची टाकून बसलेले एक आजोबा मधेच म्हणाले, ओढा इथून नव्हता, पलीकडून होता, त्यांच्या आजोबांनी जुन्या घराचा पाया खणला तेव्हा तिकडे गोटे आणि वाळू लागली होती. मी उताराचं सांगितलं. ते म्हणाले, उतार रस्ता बांधताना केलेला. मला ते पटलं नाही. त्यांना माझं पटलं नाही. मंडळाच्या मुलानं तिघांना चहा आणून दिला आणि आजोबांनी त्यांच्या काठीनं मांडवाच्या मातीत ओढ्याची त्यांची रेघ काढली, मी बोटानं माझी.

त्यांनी त्यांच्या जुन्या घराची जागा सांगितली आहे. पाऊस पडला की वहिनी आणि मी तिकडचं पाणी कुठे जातं ते बघायला जाणार आहोत. आई म्हणाल्या, रिक्षानं जमलं तर त्याही येतील.